द्राक्षबागेतील जुन्या वर्तमानपत्रांतून बिबट्याचे मुखचित्र : कागद आधी की रंग आधी?

निफाडकर : नमस्कार. निफाड परिसरातील उसात आणि मळ्यांत वावरणाऱ्या बिबट्याचे मुखचित्र कोलाज आणि अ‍ॅक्रिलिक रंग अशा मिश्र माध्यमात करण्याचा माझा विचार आहे. द्राक्षघडांना ऊन लागू नये म्हणून बागायतदार ज्या वर्तमानपत्रांनी घड झाकतात, त्यांतली हंगामानंतर उरलेली पिवळी पाने मी जमवली असून, त्यांचा तो उन्हाने आलेला रंगच बिबट्याच्या अंगाचा रंग म्हणून ठेवावा असे वाटते. पायासाठी एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेला) बोर्ड आहे. कागद आधी चिकटवावेत की रंगकाम आधी करावे? नुसत्या फेव्हिकॉलवर हे काम पावसाळ्यात टिकेल का?

रेषाकार : कल्पना उत्तम आहे, पण कागदाच्या रंगावर भिस्त ठेवू नये. वर्तमानपत्राच्या लगद्यातील लिग्निन (लाकडातला एक नैसर्गिक घटक) प्रकाश आणि हवेमुळे पिवळे पडत राहते. आज सोनेरी दिसणारे पान पुढे तपकिरी होईल आणि ज्या उजळ-गडद फरकावर चेहरा उभा असतो, तो फरकच पुसट होईल. कागदाकडून पोत आणि अक्षरे घ्यावीत. रंग मात्र यलो ओकर (मातकट पिवळा) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या पातळ, पारदर्शक थरांनी वरून द्यावा. घडांवर फवारणी झालेली असते, त्यामुळे पाने हातमोजे घालूनच हाताळावीत.

क्रमाबाबत म्हणाल, तर दोन्ही पर्याय अपुरे आहेत. बोर्डाला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही जेसो (रंगापूर्वी लावायचा पांढरा अस्तर-रंग) लावावा, कारण एकाच बाजूला ओल बसली की एमडीएफ वाकतो. त्यावर फक्त तीन छटांत, उजळ, मध्यम आणि गडद, चेहऱ्याची ढोबळ मांडणी रंगवावी, मग कागद लावावेत आणि शेवटी पुन्हा रंग घ्यावा. कागद कात्रीने कापण्यापेक्षा फाडावा. एका दिशेने तो सरळ फाटतो आणि आडव्या दिशेने वेडावाकडा; केसाळ पोतासाठी ही दुसरी कड अधिक उपयोगी पडते. बिबट्याचे केस नाकापासून कपाळाकडे आणि गालांवरून मागे वळतात, म्हणून मान आणि कान यांच्यापासून सुरुवात करून नाकाकडे येत जावे. म्हणजे प्रत्येक नवा तुकडा कौलांप्रमाणे आधीच्या तुकड्यावर चढतो आणि फाटलेल्या कडा केसांच्या दिशेनेच उघड्या राहतात.

चिकटवण्यासाठी मॅट मीडियम, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे चमक नसलेले पारदर्शक द्रव माध्यम, वापरावे. ते तुकड्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे लावून हवा मध्यापासून कडेकडे दाबून काढली, तर सुरकुत्या कमी पडतात.

गोदातीर : वरील मताशी सहमत आहे, फक्त अक्षरांबाबत थोडा वेगळा विचार मांडतो. वाचता येणारा मथळा डोळ्याजवळ आला, की पाहणारा चित्र सोडून बातमी वाचू लागतो. म्हणून चेहऱ्यावरचे तुकडे उलटे किंवा तिरके लावावेत. पोकळ गुलाबाकृती ठिपके अंगावर असतात, चेहऱ्यावर मात्र लहान, भरीव ठिपके येतात; ते वर्तमानपत्रातील काळ्या छपाईचेच तुकडे लावून साधता येतील. डोळ्यांवर कागद अजिबात नको. तेथे सपाट पृष्ठभाग राखून रंगानेच काम करावे, आणि मांजरासारखी उभी फट न काढता बुबुळाच्या मध्यभागी गोल बाहुली काढावी.

निफाडकर : दोघांचेही आभार. मॅट मीडियम महाग पडते. फेव्हिकॉल पातळ करून चालणार नाही का?

रेषाकार : सरावाच्या कामाला चालेल. साध्या पांढऱ्या गोंदाचा थर ओल लागली की पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे टिकवायच्या चित्रात तो टाळलेला बरा. खर्च वाचवायचाच असेल, तर पार्श्वभूमी नुसती रंगवून मीडियम केवळ चेहऱ्यापुरते वापरावे. पावसाळ्यात प्रत्येक थर रात्रभर वाळू द्यावा. शेवटी वार्निश लावले, तर ते पूर्ण वाळल्याशिवाय चित्र काचेत बसवू नये, आणि काच कागदाला टेकणार नाही इतकी फट चौकटीत ठेवावी.