बांधाच्या पायथ्याशी धार लागलीय, पावसाआधी काय करावं?

प्रश्न (जांबोटी भाग, खानापूर)
मंडळी, शेतातल्या ओढ्यावर आमचा खाजगी मातीचा बांध आहे. उंची 4 मीटर, लांबी 60, माथा जेमतेम दीड मीटर. पाणलोट सुमारे 10 हेक्टर. एका टोकाला जांभ्यात खोदलेला 2 मीटर रुंदीचा सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट). बांधातून 6 इंची सिमेंट पाइप गेलाय. त्याच्या खालच्या तोंडाशेजारी ओल आहे आणि करंगळीएवढी धार लागलीय. बाहेरच्या उतारावर अकेशियाची चार झाडं. खाली दोन घरं आहेत. धार बाहेरून चिकणमातीने बुजवू का?

उत्तर 1
बाहेरून अजिबात बुजवू नका. कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटून निघतं. आधी धारेचं पाणी काचेच्या बरणीत धरून तासभर ठेवा. नितळ राहिलं तर तो साधा पाझर, तो मातीच्या बांधाला थोडाफार असतोच. तळाला गाळ बसला तर बांधाची माती वाहून चाललीय, आत बोगदा पडतोय. पाइपच्या कडेला हे जास्त होतं, कारण पाइपच्या बुडाला माती नीट ठोकली जात नाही आणि फट राहते.
धारेवर उलटी गाळणी घाला: आधी 15-20 सेंटिमीटर जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड. पाणी निघू दे, माती अडू दे. पाइपचा व्हॉल्व्ह कुठे आहे?

प्रश्नकर्ता
खालच्या टोकाला. सध्या बंद आहे.

उत्तर 1
मग दुखणं तिथेच असणार. खाली बंद केल्यावर अख्खा पाइप दाबाखाली राहतो आणि सांध्यांतून पाणी बांधात शिरतं. व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडून तळं उतरवा, दिवसाला फुटाहून जास्त नको, नाहीतर आतला ओला उतार घसरतो. यंदा तो उघडाच राहू दे. उन्हाळ्यात पाइप उकरून आतल्या तोंडाला झडप बसवा. भोवती ओलसर चिकणमाती 10 सेंटिमीटरच्या थरांनी धुमसाने ठोका.

उत्तर 2
मला धारेपेक्षा सांडव्याची काळजी वाटते. तासाला 100 मिलिमीटरचा पाऊस आणि निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं, तर 10 हेक्टरातून सेकंदाला सुमारे 1.4 घनमीटर पाणी येतं. 2 मीटरच्या सांडव्यावर ते 55 सेंटिमीटर चढेल. 5 मीटर रुंद केलात तर 30 मध्ये निभावेल. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात मातीच्या बांधावरून एकदा पाणी गेलं की पाठीमागून माती खरवडत नेतं, मग बांध टिकत नाही.
सांडव्याच्या तळापासून माथा निदान 1 मीटर वर हवा. लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून मोजा, कारण माती बसून मधोमध खोलगट झालेलं नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आणि मासे अडवायला सांडव्यात जाळी लावली असेल तर आजच काढा. पालापाचोळा अडकून तीच भिंत होते.

उत्तर 3
झाडं आत्ता मुळासकट उपटू नका, खड्ड्यातून पाणी मुरेल. नुसती तोडलीत तर मुळं कुजून नळ्या तयार होतात. सध्या फक्त फांद्या छाटा, म्हणजे वाऱ्याने झाड उन्मळून बांध उकलणार नाही. मुळं जानेवारीनंतर काढून थर ठोकत भरा.
खेकड्यांची, घुशींची बिळंही पाहा. चिपळूणचं तिवरे धरण 2 जुलै 2019 ला फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं, पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. म्हणून ही धार हलक्यात घेऊ नका. पावसात रोज सकाळ-संध्याकाळ बरणी भरून पाहा. खालच्या दोन्ही घरांना आजच सांगून ठेवा. पाणी गढूळ झालं किंवा धार वाढली, तर आधी माणसं हलवा, बांधाकडे नंतर वळा.