डेस्कटॉप नसलेल्या लिनक्सवर माउस हवा की नको?

रात्रपाळी (धागाकर्ता)
"टेक्स्ट कन्सोलवर माउस कशाला?" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी धागाच काढला. (टेक्स्ट कन्सोल म्हणजे खिडक्या-आयकॉन नसलेला, नुसत्या अक्षरांचा पडदा.) माझं मत ठाम आहे: ज्या मशीनवर डेस्कटॉप नाही, पण समोर माणूस बसणार आहे, तिथे जीपीएम, म्हणजे अशा कन्सोलवर माउस चालवणारा प्रोग्राम, हवाच.

साधं काम बघा. नवी डिस्क लावली, ब्लकआयडी या कमांडने तिचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) दाखवला. ३६ अक्षरं. तो बघून बघून एफएसटॅबमध्ये (बूटला कोणत्या डिस्का जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल) टाइप करताना एका जागी बी चा डी झाला, की पुढच्या बूटला मशीन दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अर्धवट सुरू झालेल्या अवस्थेत) जातं. जीपीएम असेल तर डावं बटण दाबून ओढा आणि मजकूर निवडा, ऑल्ट-एफ२ ने दुसऱ्या कन्सोलवर जा (एकाच मशीनवर असे अनेक असतात), पेस्टसाठी मधलं बटण दाबा. झालं काम.

कळफलक
पण टाइप करतं कोण? ब्लकआयडीचं आउटपुट थेट एफएसटॅबच्या शेवटी जोडायचं आणि ओळ एडिटरमध्ये नीट करायची. बाकी कॉपी-पेस्टला टीमक्स आहे (एकाच पडद्यावर अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम), त्याला माउस लागतच नाही. आणि ज्या इमर्जन्सी मोडची भीती घालताय, तिथे जीपीएम आपोआप सुरूच झालेलं नसतं!

रात्रपाळी
रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड देऊन हाताने सुरू करता येतं की. आधी इन्स्टॉल केलेलं हवं, एवढंच. आउटपुट असं थेट फाइलमध्ये वळवणं जमतं ते आधी ठाऊक असलेल्या गोष्टीला. एररच्या मधोमध आलेला लांबलचक पाथ उचलायचा असेल तर? टीमक्समध्ये उचलता येतो, पण ते आधीपासून चालू असेल तरच.

जुनाजाणता
रात्रपाळींशी निम्मा सहमत. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.९ पासून (२०२०) कन्सोलचं शिफ्ट-पेजअप, म्हणजे वर सरकून गेलेला मजकूर परत बघायची सोय, गेलं, कारण तो कोड सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे माउसला सापडतं ते पडद्यावर दिसतंय तेवढंच. वर सरकलेली एरर गेली ती गेलीच. मिडनाइट कमांडर (फाइल मॅनेजर) आणि लिंक्समध्ये (टेक्स्ट ब्राउझर) मात्र क्लिक मस्त चालतो, तिथे जीपीएमचं खरं सुख आहे. डेबियन हे लिनक्स वापरणाऱ्यांनी कन्सोलेशन हा जीपीएमसारखाच प्रोग्रामही बघावा, तो लिबइनपुट या माउस-कीबोर्ड हाताळणाऱ्या लायब्ररीवर चालतो.

शेलशिपाई
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. निवडलेला मजकूर सगळ्या कन्सोलना सामायिक असतो. आधीच्या माणसाने ओळ शेवटच्या एंटरसकट निवडून ठेवली आणि तुम्ही रूट म्हणून लॉगिन करून चुकून मधलं बटण दाबलं, तर ती कमांड तिथल्या तिथे चालते. तुम्हाला वाचायलाही वेळ मिळत नाही. हा माझा कल्पनाविलास नाही, जीपीएमच्या मॅन पेजमध्येच (प्रोग्रामसोबत येणाऱ्या माहितीपानात) हा धोका लिहिलाय.

रात्रपाळी
आणि उपायही तिथेच लिहिलाय! जीपीएम सुरू करताना मोठ्या ए चा पर्याय (-A) द्या, त्याला जोडूनच, मध्ये जागा न सोडता, ३० लिहा. निवडलेला मजकूर ३० सेकंदांनंतर पेस्ट होत नाही.

शेलशिपाई
३० सेकंदही पुरतात. घरच्या मशीनवर तुमचा पर्याय मान्य, मीही लावेन. पण कॉलेजच्या लॅबमध्ये, जिथे एकाच कीबोर्डवर दिवसभर वेगवेगळी मुलं बसतात, तिथे मी जीपीएम टाकणार नाही.

कळफलक
सर्व्हरवरही नको. तिथे आपण एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुरूनच, जातो, कॉपी-पेस्ट आपल्याच लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये होतं. रूट म्हणून सतत चालणारी आणखी एक गोष्ट कशाला वाढवायची?

रात्रपाळी
नेटवर्कच बंद पडलं की एसएसएच कुठून आणणार? मी त्याच वेळेबद्दल बोलतोय.