कोकणातले नवे घर हवाबंद असावे का?

धागाकर्ता
गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आम्ही घर बांधायला घेतले आहे. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, आणि वर स्लॅब. घर पूर्ण हवाबंद करावे, भिंतींत व छतावर उष्णतारोधक थर घालावा आणि ताज्या हवेसाठी यंत्र बसवावे, असा आमच्या वास्तुविशारदांचा आग्रह आहे. आईचे उत्तर एका वाक्याचे आहे: "श्रावणात कपाट आठ दिवस बंद ठेवून बघा, मग घर बंद करा." आपली मते कारणांसह हवी आहेत.

पडवीकर
आईंचे ऐका. ही कल्पना जर्मनीची आहे. तिथल्या डार्मस्टाट शहरात 1991 मध्ये या पद्धतीची पहिली घरे उभी राहिली. हवाबंदपणाच्या चाचणीत 50 पास्कल दाबाखाली घरातली हवा तासाला 0.6 पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये, हा त्यांचा दंडक आहे, कारण हिवाळ्यात आतली ऊब टिकवणे हीच त्यांची अडचण. आपली अडचण घामाची आहे, आणि घाम सुकायला वारा लागतो. आपल्या सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेतही (घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत) उष्ण-दमट प्रदेशासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ घरातल्या जमिनीच्या किमान सहाव्या भागाइतके मागितले आहे, जे थंड प्रदेशाच्या दुप्पट आहे.

दवबिंदू
त्याच संहितेने छतासाठी उष्णतावहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंश फरकामागे 1.2 वॅट ठेवली आहे आणि उघडा स्लॅब तिच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो, हेही सांगायला हवे होते. आता हवेबद्दल. जुलैत बाहेर 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतील बाष्पाचे साधारण 26 अंशांना पाणी होते. तुम्ही झोपण्याच्या खोलीत एसी 24 वर लावलात आणि खिडकीच्या चौकटीतून ती हवा झिरपत राहिली, की कपाटामागच्या गार भिंतीवर दव धरते, मग बुरशी येते आणि दोष एसीला मिळतो. पावसाळ्यात खिडक्या उघडून ओल जात नाही, कारण येणारी हवाच ओली असते.

पडवीकर
स्लॅबवरच्या थराला माझा विरोध नाही, तो घालाच. पण 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. यंत्राने श्वास घेणाऱ्या घराने तेव्हा काय करायचे? शिवाय खाऱ्या वाऱ्यात पंख्याची जाळीसुद्धा गंजते, तिथे या यंत्राची देखभाल गावात कोण करणार?

दवबिंदू
खिडक्या उघडायच्या. हवाबंद घर म्हणजे खिडक्या नसलेले घर नव्हे, तर लावल्यावर खरोखर लागणाऱ्या खिडक्यांचे घर. देखभालीचा मुद्दा मात्र मान्य. एक इशारा माझ्याकडूनही: थंड देशांत बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात. एसी चालू असताना आपल्याकडे ओल बाहेरून आत सरकते, त्यामुळे तो पडदा आत लावला तर त्याच्यामागे भिंत कुजत राहील आणि वर्षभर कळणारही नाही. वास्तुविशारदांना एवढे विचाराच.

धागाकर्ता
विचारले, आणि आराखडा बदलला. स्लॅबवर दोन इंचांचा उष्णतारोधक थर, वळचण चार फूट पुढे, पडवी तीन बाजूंनी. ओटी आणि माजघर वाऱ्याला मोकळे राहतील. वडिलांना दमा असल्यामुळे फक्त त्यांची खोली हवाबंद करून तिथे एसी बसवायचा विचार आहे. पण चिरा सच्छिद्र असल्याने त्या खोलीला बाहेरून गिलावा करावा लागेल, असे गवंडी म्हणतो, आणि चिरा उघडा दिसावा म्हणून तर आम्ही तो घेतला होता. आई सध्या गवंड्याशी बोलत नाही.