हिवाळी मोहिमेतील कौशल्यांची कथा कशी करावी?

प्रश्न: सह्यवाटसरू

आमच्या गिर्यारोहण मंडळात मला चादर ट्रेकविषयी तासभर बोलायचे आहे. गोठलेल्या झंस्कार नदीवर चालताना शिकलेल्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत: पाणी वरून गोठत जाते म्हणून बाटली उलटी ठेवावी, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्याव्यात, घाम येण्याआधीच अंगावरचा एक थर उतरवावा. मात्र हे सारे लिहून काढले की सूचनापत्रक तयार होते. पुढे काय झाले याची श्रोत्यांना उत्सुकता वाटावी, यासाठी मांडणी कशी करावी?

उत्तर: ध्रुववाचक

आपण आधी नियम सांगता आणि मग त्याला उदाहरण जोडता. हा क्रम उलटा करून पाहावा. 1911 च्या जुलैमध्ये, म्हणजे अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळी अंधारात, स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप इव्हान्स या तळावरून पेंग्विनची वसाहत असलेल्या केप क्रोझियरकडे स्लेज ओढत गेले. तापमान उणे 60 अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. एकदा तंबूबाहेर आल्यावर चेरी-गरार्डने आजूबाजूला पाहण्यासाठी मान वर केली आणि ती तशीच अडकली, कारण दमट कपडे काही सेकंदांत चिलखतासारखे कडक झाले होते. पुढचे चार तास त्याला त्याच अवस्थेत स्लेज ओढावी लागली. त्यानंतर बाहेर पडताच, कपडे गोठण्यापूर्वीच, ओढण्याच्या पवित्र्यात वाकून उभे राहण्याची खबरदारी ते घेऊ लागले.

‘कपडे कोरडे ठेवा’ हा नेहमीचा सल्ला तिथे पाळणेच अशक्य होते, आणि कथा नेमकी तिथूनच सुरू होते. आपल्या बाटलीचे आणि बॅटरीचे प्रसंग कदाचित इतके वजन पेलणार नाहीत. ते सरळ छापील कागदावर द्यावेत.

उत्तर: लेहवारी

वरील मताशी मी सहमत आहे. परंतु चादरवरचे खरे कौशल्य कोणाचे, हेही आपण ठरवायला हवे. बर्फावर काठी आपटून आवाजावरून त्याची जाडी ओळखणारे, पाय न उचलता घसटत चालायला शिकवणारे, वाट तुटली की काठावरच्या खडकांवरून सामान पार नेणारे झंस्कारी वाटाडेच असतात. खिंडी बर्फाने बंद झाल्यावर त्यांच्या गावांसाठी हीच नदी पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्याची वाट होती. वाटाड्याने ‘आज पुढे जायचे नाही’ म्हटले असेल, तर तो थांबलेला दिवस कथेच्या मध्यभागी ठेवा. पुढे जाण्याचा हट्ट, संपत आलेला शिधा आणि रात्रीत बदलणारा बर्फ हे तिन्ही ताण त्या एका निर्णयात एकत्र येतात, आणि त्यासाठी कोणी पाण्यात पडण्याची गरज नसते.

सह्यवाटसरू

असा दिवस आमच्या वाट्याला आला होता. मग सगळी हकिकत ‘मी’च्या तोंडून सांगावी, की वाटाड्याकडे पाहत?

उत्तर: प्रथमोपचारक

निदान थंडी बाधल्याचा भाग तरी दुसऱ्याच्या नजरेतून सांगावा. शरीराचे तापमान घसरू लागले की माणूस चिडचिड करतो, अडखळतो, बोटांनी साधी चेनही लावू शकत नाही, आणि तरीही ‘मी ठीक आहे’ असे ठामपणे सांगतो. पुढे थरथर थांबते तेव्हा त्याला बरे वाटू लागले असे अननुभवी सोबत्याला वाटते, वस्तुतः धोका वाढलेला असतो. ज्याचा निर्णयच मंदावला आहे, त्याच्या निवेदनावर श्रोत्याने विश्वास ठेवू नये, आणि ही शंका निर्माण करणे हे कथनाचेच काम आहे. सोबत्याला न लागलेली चेन दिसली, एवढे एक वाक्य पुरेसे होते.

आणखी एक विनंती. हिमदंश झालेली बोटे बर्फाने चोळण्याचा प्रसंग नाट्यमय वाटला, तरी तो उपाय म्हणून रंगवू नये. चोळल्याने ऊतींची हानी वाढते. भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तो वितळवण्याची घाईही करायची नसते. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी पुढच्या जानेवारीत लेहला जाणार असतोच.