फुटपाथवर बसून लाखभर कमावणारे म्हणे

लोकल_९_०४: काल कुणीतरी टाकलं होतं, "फेरीवाले टॅक्स न भरता फुकटच्या जागेत महिन्याला लाखभर कमावतात आणि आपण रस्त्यावरून चालायचं." डोकंच फिरलं. माझी आई बावीस वर्षं भाजी विकायची. पहाटे तीनला उठून मार्केटात, मालाला पैसे सावकाराचे, तो सकाळी ९०० हातात ठेवायचा आणि संध्याकाळी पूर्ण १००० घ्यायचा, पाऊस असो की बंद. फुकटची जागा म्हणताय तिचे रोज तिघं जण पैसे न्यायचे, पावती एकच फाडायचा. २०१६ मध्ये एकदा पालिकेची माल उचलणारी गाडी आली तेव्हा तिला पळता आलं नाही, दोन कॅरेट टोमॅटो उचलून नेले. दंड भरून तिसऱ्या दिवशी मिळाले, नुसता लगदा. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात लिहिलंय की नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत द्यायचा. वाचलाय का कुणी तो?

पायीपायी: तुमच्या आईंबद्दल आदर आहे पण प्रश्न चालण्याचा आहे हो. माझे वडील ७४ वर्षांचे, गुडघा बदललाय, त्यांनी बसच्या पुढून चालायचं का? मुंबईतल्या एल्फिन्स्टन स्टेशनचा पूल विसरलात? २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, त्यानंतर हायकोर्टानेच सांगितलं स्टेशनपासून १५० मीटरात धंदा नको.

लोकल_९_०४: पूल अरुंद, वर पाऊस, लोक पुलावरच थांबले. तो पूल काय फेरीवाल्यांनी बांधला होता? आणि वडिलांना गाड्यापेक्षा फुटपाथवर लावलेल्या बाईक जास्त आडव्या येत असतील, त्यांच्यावर कधी लिहिता?

सोफा_अडकला: मुद्दा गाड्यांचा निघाला म्हणून. गेल्या वर्षी घर बदललं, टेम्पो गेटवर येतो न येतो तोच चार जण हजर, वाराई द्या म्हणे, म्हणजे सामान उतरवायची हमाली. सामान आम्हीच उतरवणार होतो! हात न लावता २००० घेऊन गेले. कष्टकरी कष्टकरी करताय, ही खंडणी नाही?

पाठीवरचं_पोतं: आलात ना माथाड्यांवर, ओझी वाहणाऱ्या कामगारांवर! ते चौघं माथाडी होते हे कुणी सांगितलं तुम्हाला? पावती घेतली? माथाडी बोर्डात नोंद असते, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (जादा आकार) मालकाने बोर्डात भरायची, त्यातून पगार, पीएफ, बोनस. १९६९ चा कायदा आहे, माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. माझ्या वडिलांनी १०० किलोची पोती वाहिली, पन्नाशीत मणका गेला. घरपोच खंडणीवाले त्यांच्या नावावर खपवू नका.

सोफा_अडकला: टीशर्टवर युनियनचं नाव होतं साहेब. पावती मागितली तर सोफा वर गेला असता का?

पाठीवरचं_पोतं: टीशर्ट दीडशेला कुठेही छापून मिळतो. पोलिसात गेलात? नाही ना. मग २००० तुमच्या भित्रेपणाचे.

सोफा_अडकला: तोंड सांभाळून. बायको आठव्या महिन्यात होती, तिला खाली उभं करून मी चौकीत जाऊ?

पाठीवरचं_पोतं: ते आधी सांगायचं. भित्रे शब्द मागे. बाकी एक अक्षर नाही.

पायीपायी: धागा फेरीवाल्यांचा होता ना? का आता सगळ्यांनी सोफा उचलायचा?

हमालपंचायतीचा_नातू: पुण्यात बाबा आढावांनी हमालांची संघटना, हमाल पंचायत, उभी केली, तिच्या 'कष्टाची भाकर' केंद्रांत अजून लोक स्वस्तात जेवतात. फेरीवाल्यांना तसं कुणी भेटलं नाही. फेरीवाला कायद्यात शहर विक्रेता समिती आहे, ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, सर्वे झाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. आमच्याकडे सर्वेवाले दुपारी एकला आले, तेव्हा सकाळचे भाजीवाले घरी झोपलेले. झाला सर्वे.

पायीपायी: म्हणजे सर्वे नीट होईपर्यंत माझ्या वडिलांनी घरात बसायचं. छान. बरं, पट्टे आखून द्या, अर्धा फुटपाथ सोडा, मी पहिला टाळ्या वाजवीन. बाईकचं म्हणाल तर माझीपण एक तिथेच उभी असते, घ्या.

लोकल_९_०४: आई शेजारी बसून ऐकतेय. विचारतेय, हे भाजी कुठून घेतात?

पायीपायी: अ‍ॅपवरून, दहा मिनिटांत येते. तो पोरगाही फुटपाथवरूनच गाडी घालतो, आधीच सांगून टाकतो. आणि कोथिंबीर वर फुकट देत नाहीत, तेवढं आईंना सांगा.