काकांच्या 'कर्र' कॅसेट: ठेवू की टाकू? (अमेरिकन रेडिओ नाटकं)

सांगलीचा_पुतण्या
मंडळी, सल्ला हवाय. माझे काका १९७३ ते १९८३ न्यू जर्सीत होते. परतताना संसार बहुतेक तिथेच वाटून टाकला, पण एक कॅसेट डेक आणि पत्र्याच्या ट्रंकेत ६३ कॅसेट एवढं जपून आणलं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. आता काकू म्हणतात, ट्रंक मोकळी कर, मला गाद्या ठेवायच्यात.

कॅसेटवर काकांच्या अक्षरात फक्त 'कर्र १', 'कर्र २' असं लिहिलंय. ना तारीख, ना नाव. एक लावून पाहिली तर दार करकरत उघडतं, एक भारदस्त आवाज आत बोलावतो आणि मग नाटक सुरू. शोधाशोध केल्यावर कळलं की हे 'सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर'. पण त्याचे भाग तर नेटवर पडलेलेच आहेत! मग या कॅसेट ठेवण्यात काही अर्थ आहे का? असेल तर डिजिटल कशा करायच्या? आणि मला यातलं काही ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करू? श्रुतिका म्हणजे 'हवामहल', इतकीच आपली मजल.

ता.क. सगळे बोलतात ते झोपेतून उठल्यासारखे. टेप खराब झालीय का?

रीळवाला
ट्रंकेला हात लावू नका!

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन रेडिओ नाटकांचा जुना जमाना संपला तो दिवस जमवणाऱ्यांना पाठ असतो: ३० सप्टेंबर १९६२. 'सस्पेन्स' आणि 'युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर' या दोन्ही मालिका त्याच दिवशी बंद झाल्या. मग दहा-बारा वर्षं जवळपास सामसूम. ६ जानेवारी १९७४ ला निर्माते हायमन ब्राउन यांनी हे 'कर्र' सुरू करून रेडिओ नाटकाचं पुनरुज्जीवन केलं. दारही त्यांचं जुनंच, १९४१ पासूनच्या 'इनर सँक्टम' या रेडिओ मालिकेतलं. भारदस्त आवाज ई. जी. मार्शल यांचा, १९८२ च्या फेब्रुवारीत त्यांची जागा टॅमी ग्राइम्सनी घेतली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दार कायमचं लागलं.

आता मुद्द्याचं. नवे भाग १,३९९, पण प्रसारणं झाली २,९६९. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा जुनंच पुन्हा लावलेलं. नेटवरच्या पुष्कळ प्रतींत बातम्या आणि जाहिराती कापलेल्या असतात. तुमच्या काकांनी थेट रेडिओवरून घेतलं असेल, तर त्या संध्याकाळचा अख्खा तास तुमच्याकडे आहे. नाटक कुठेही मिळेल, तो तास मिळणार नाही. मधल्या खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीसकट ठेवा.

मीनल_के
टेप खराब नाहीये हो, वीज वेगळी आहे. काकांचा डेक ११० व्होल्टचा असणार, तुम्ही ट्रान्सफॉर्मर लावला असेल. त्यानं व्होल्टेज बदलतं, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्या काळच्या काही डेकच्या मोटारी विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालायच्या, म्हणजे सांगलीत त्या सहाव्या हिश्शानं हळू फिरणार. मार्शलसाहेबांचा आवाज आधीच खर्जातला, त्यात ही भर!

इथला एखादा चांगला डेक उसना घ्या. यूएसबीवाले स्वस्त खेळण्यातले प्लेअर नकोत, त्यांचा वेग डुगडुगतो. डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरला जोडा आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. मूळ प्रत दर्जा न घटवणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्येच ठेवा, एमपी३ फक्त वाटायला. खरखर काढायच्या मोहात पडू नका. जास्त काढली की माणसं पाण्याखालून बोलतात.

आणि लावण्याआधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळी ठेवा, नाहीतर डेकच्या हेडवरून बाकीच्यांना लागण. हेड दर दोन-तीन कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

सांगलीचा_पुतण्या
मीनलताई, साष्टांग नमस्कार! शेजारच्या जोशीकाकांचा डेक आणला, सगळे खडखडीत जागे झाले. बुरशी ७ कॅसेटना आहे, त्या बाजूला काढल्या. 'कर्र २२' मधली स्पंजची बारीक गादी गळून पडलीय, आवाज अगदी दबका येतो. आणि हे सगळं नेटवर टाकलं तर चालेल का?

खवचट_पोपट
सर्वांच्या उत्साहावर थोडं पाणी शिंपडतो. 'पुनरुज्जीवन' वगैरे ठीक, पण हा कारखाना होता. सुरुवातीला आठवड्याचे सातही दिवस भाग! नट सकाळी जमायचे, वाचन व्हायचं, दुपारपर्यंत ध्वनिमुद्रण आटोपून मंडळी आपल्या नाटकाच्या थिएटरला. त्यामुळे दहातले चार भाग असे की खुनी कोण ते पहिल्या जाहिरातीआधीच कळतं.

सलग ऐकू नका, हा माझा सल्ला. पहिला भाग जरूर ऐका, अभिनेत्री अ‍ॅग्नेस मूरहेड आहेत त्यात. ऑर्सन वेल्सच्या रेडिओच्या दिवसांपासूनची ही बाई. नुसत्या श्वासावर प्रसंग तोलते. त्यानंतर नटांची नावं बघून भाग निवडा.

खरं पुनरुज्जीवन बघायचं तर बीबीसीकडे वळा. १९७८ चं 'हिचहायकर्स गाइड' आधी रेडिओसाठीच लिहिलेलं, पुस्तक नंतर आलं. १९८१ चं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' अर्ध्या-अर्ध्या तासाचे २६ भाग, फ्रोडोच्या भूमिकेत इयन होम. त्याच वर्षी अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओनं 'स्टार वॉर्स'चे १३ भाग केले. आवाजांची वीण कशी असते ते यात कळेल. तुमच्या काकांच्या दारात मला ती फारशी सापडत नाही.

रीळवाला
पोपटराव, कारखाना मान्य. पण रोजचं होतं म्हणूनच लोकांना सवय लागली, आणि सवय लागली म्हणूनच कुणीतरी रेकॉर्डचं बटण दाबून बसलं. आज जे हाती आहे त्यातलं बरंचसं अशा बटण दाबणाऱ्यांमुळे.

जुन्या नाटकांचं बघा. ती १६ इंची तबकड्यांवर असायची, एका बाजूला जेमतेम पंधरा मिनिटं. महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम मिळेना म्हणून काचेवर थर देऊन तबकड्या केल्या. हातातून सुटली की अर्ध नाटक केराच्या टोपलीत. बरेच कार्यक्रम वाचले ते सैनिकांसाठी पाठवलेल्या तबकड्यांमुळे, आणि त्यांतल्या जाहिराती तर लष्करानंच काढलेल्या. पुढे हौशी लोक रिळं टपालानं पाठवू लागले. १,८०० फुटांचं रीळ, कमी वेग आणि चार ट्रॅक, की सहा तासांची नाटकं एका डब्यात! पण प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, असं करत शेवटच्या माणसाला नायिकेपेक्षा खरखर जास्त ऐकू यायची. म्हणून तुमच्यासारखी पहिल्या हातची प्रत मिळाली की माझ्यासारख्यांची लाळ गळते.

नेटवर टाकण्याबद्दल: सरसकट टाकू नका. जुनं म्हणजे फुकट हा गैरसमज आहे. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ नंतरच्या ध्वनिमुद्रणांना सरळ त्यांचा संघीय कॉपीराइट लागू होतो, आणि ही मालिका १९७४ ची. स्वतःसाठी जपा, यादी मात्र खुशाल सगळ्यांना द्या.

यादी करताना दोन तारखांचे रकाने ठेवा: भाग पहिल्यांदा कधी लागला आणि काकांनी कधी टिपला. पहिली तारीख भागसूचीत मिळेल. दुसरी बातम्यांतून शोधायची.

सांगलीचा_पुतण्या
झालं, नादाला लावलंत मला. काल रात्री 'कर्र ३१' ऐकली. नाटकाआधीच्या बातम्यांत कोळसा खाणकामगारांचा संप. मग स्थानिक निवेदक उद्या बंद राहणाऱ्या शाळांची नावं वाचतोय, वाचतोय, संपतच नाहीत. बर्फामुळे. हे साल कोणतं?

रीळवाला
वा! तो संप १९७७ च्या डिसेंबरपासून १९७८ च्या मार्चपर्यंत चालला. त्या हिवाळ्यात तुमच्या काकांच्या भागात दोन मोठी वादळं झाली, एक २० जानेवारीच्या सुमारास आणि दुसरं ६-७ फेब्रुवारीला. जाहिराती नीट ऐका, काहीतरी धागा मिळेल.

सांगलीचा_पुतण्या
मिळाला! दुसऱ्या अंकानंतर फुलवाल्याची जाहिरात, व्हॅलेंटाइनसाठी आत्ताच नोंदवा म्हणून. म्हणजे फेब्रुवारीच धरतो.

काकूंना शाळांची यादी ऐकवली. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हे दुपारी बर्फ उपसून दमले आणि रात्री हे लावून बसले. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. दार वाजलं की मी आपला चहा टाकायची." मग स्वतःच म्हणाल्या, चौदा नंबर लाव.

गाद्या माडीवर गेल्यात. आता त्या 'कर्र २२' चं काय करू?

मीनल_के
टेप दुसऱ्या खोक्यात घालावी लागेल. चार-पाच स्क्रूंची कोरी कॅसेट उघडायची आणि दोन्ही चकत्या जशाच्या तशा उचलून त्यात ठेवायच्या. टेपला पीळ पडू देऊ नका. तुमची मूळ कॅसेट स्क्रूची आहे की चिकटवलेली? चिकटवलेली असेल तर आधी फोटो टाका, उघडू नका. माझ्याकडे कोऱ्या पडल्यात, विपूत (विचारपुशीत) पत्ता कळवा.