२५ मिलिमीटर जाडीची एचडीपीई शीट कापणे आणि सपाट करणे

प्रश्न:
नमस्कार. सायकल दुरुस्तीच्या टेबलावरील लाकडी फळीत ग्रीस आणि ऑइल मुरून ती काळी पडली आहे. तिच्या जागी बसवण्यासाठी मी २५ मिलिमीटर जाडीची एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथीन, एक टणक प्लास्टिक) शीट आणली असून, तिचा ४ फूट बाय २ फूट तुकडा काढायचा आहे. ६० दातांच्या पात्याने सर्क्युलर सॉ चालवून पाहिला, तेव्हा पात्यामागे प्लास्टिक वितळून काप पुन्हा मिटला आणि पाते अडकले. शिवाय शीटला बाक असून, सरळ पट्टी ठेवली की मध्यभागी ३ मिलिमीटर फट दिसते. सँडिंग डिस्क लावल्यास पृष्ठभागावर केसांसारखे तंतू उठतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते आणि उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे घर्षणाची सगळी उष्णता कापाच्या जागीच साठते. ती बाहेर पडते ती मुख्यतः किसाबरोबर, म्हणून जाड कीस पाडणारे २४ दातांचे कार्बाइड पाते लावावे आणि सॉ एकसारख्या वेगाने पुढे न्यावा. भीतीपोटी हात आखडला की पाते कापण्याऐवजी घासू लागते. सुटे, कोरडे कुरळे तुकडे पडत असतील तर वेग योग्य आहे. चिकट दोरे निघू लागले तर थांबावे. कापाच्या दोन्ही बाजूंना खालून आधार द्यावा, नाहीतर शीट वाकून पाते चिमटले जाते.

उत्तर २:
सँडिंग सोडून द्यावे. दोन समांतर रुळांवर राऊटरची (फिरत्या पात्याने पृष्ठभाग कोरणाऱ्या यंत्राची) गाडी चालवून, सरळ बिटने (त्यात बसवायच्या पात्याने) दर फेरीला अर्धा मिलिमीटर काढावा आणि शेवटी धारदार स्क्रेपर फिरवावा. मात्र शीट क्लॅम्पने दाबून सपाट करू नये, कारण क्लॅम्प सोडताच बाक परत येतो. जिथे ती उचललेली आहे तिथे खाली पाचरी द्याव्यात. शीटमध्ये अंतर्गत ताण असतो, म्हणून एकाच बाजूचा थर काढला तर ती नव्याने वाकू शकते. दोन्ही बाजू आलटून पालटून घ्याव्यात आणि मध्ये एक रात्र ती मोकळी ठेवावी. आपला टेबलाचा सांगाडा भक्कम असेल, तर माझ्या मते ही खटपट करूच नये. ३ मिलिमीटरचा बाक बोल्टने खाली ओढला जाईल आणि कारखान्यातला गुळगुळीत पृष्ठभागही शाबूत राहील.

उत्तर ३:
बोल्टसाठी भोके पाडताना एक गोष्ट विसरू नये. तापमानात २५ अंशांचा फरक पडला की ४ फूट लांबीची ही शीट ४ ते ६ मिलिमीटरने वाढते. म्हणून मधले एकच भोक घट्ट ठेवावे, बाकीची लांबीच्या दिशेने लांबट करावीत आणि मोठे वायसर घालून बोल्ट बेताने आवळावेत. एचडीपीईला सरस धरत नाही, त्यामुळे चिकटवण्याचा विचार करू नये.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. २४ दातांच्या पात्याने उरलेल्या तुकड्यावर काप घेतला. धार स्वच्छ आली आणि पाते हाताला जेमतेम कोमट लागले. सांगाडा लोखंडी अँगलचा आहे, त्यामुळे आधी बोल्टने ओढून पाहतो.